बारा बारचा ब्लूज, आपला तीनताल आणि गुरुवारची रात्र

मोडका_डग्गा

मंडळी, रात्रीचे पावणेदोन वाजलेत, झोप येत नाहीये म्हणून टंकतोय, शुद्धलेखनाला हसू नका.

आत्ताच लोअर परळहून घरी आलो. ऑफिसातला एक पोरगा दोन महिने मागे लागला होता, सर एकदा चला तुम्हाला लाइव्ह जॅझ ऐकवतो, शेवटी आज गेलो. जॅझमधलं मला ओ की ठो कळत नाही. लहानपणी आठ वर्षं तबला शिकलो, बारावीला सुटला तो सुटलाच, डग्गा अजून माळ्यावर आहे आणि त्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, फाटलीये (आयडीचं रहस्य). बँडचं नाव लिहीत नाही कारण त्यातला तबलजी आमच्याच क्लासच्या गोतावळ्यातला निघाला आणि खाली मी एक फजिती सांगणारे. क्लबचंही नाव नाही, बिलावरून आमची थोडी वादावादी झाली, तो विषय वेगळा.

जागा म्हणजे जुनी गिरणीची शेड, वर लोखंडी कैच्या तशाच ठेवल्यात, खाली टेबलं, एका बाजूला लांबलचक बार. पाच जण वाजवणारे. आल्टो सॅक्सोफोन, कीबोर्ड, बास गिटार, ड्रम्स, आणि डाव्या कोपऱ्यात बुटक्या चौथऱ्यावर तबला. मी मुद्दाम डावीकडचं टेबल धरलं. बाहेर नुसता घाम आणि आत एसी हाडं गोठवणारा, त्यामुळे त्या बिचाऱ्याचा तबला दर पाच मिनिटांनी चढत होता. कीबोर्ड काय हलत नाही, आपणच त्याच्यामागे जायचं, म्हणून दोन गाण्यांच्या मधे सगळे पाणी पितायत आणि हा मान तिरकी करून गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) खालून हातोडी मारतोय, टक टक, कान पुडीला लावलेला. त्यात मागे बारवाला बर्फ खळखळवतोय. मला इतकं बरं वाटलं ना ते बघून, घरचं माणूस भेटल्यासारखं. आणि हो, सॅक्सवाल्यांना म्हणे काळी पाच नाहीतर काळी दोन पट्टी सोयीची, त्यामुळे ह्याच्याकडे तीन वेगवेगळे तबले मांडलेले, आमच्या क्लासात काळी एकच्या पलीकडे जग नव्हतं.

पहिलं यमनसारखं काहीतरी झालं, ठीक होतं, असं हॉटेलच्या लिफ्टमधेपण लागतं. दुसरं एक जुनं गोव्याचं दुलपद, ते सहात, तिथे तबल्याने सरळ दादरा धरला आणि ड्रमवाला ब्रशने नुसतं स्नेअर पुसत होता, घरात फरशी पुसताना येतो तसा आवाज. ते आवडलं. पण खरा धक्का तिसऱ्याला.

सॅक्सवाला म्हणाला आता एक ब्लूज. माझ्या शेजारचा पोरगा कानात म्हणाला, सर ह्याला ट्वेल्व्ह बार ब्लूज म्हणतात, बार म्हणजे मात्रांचा एक खंड, अशा बारा बारचं एक आवर्तन असतं. तबल्याने द्रुत तीनताल सुरू केला. मला वाटलं चला, झाली खिचडी, ह्यांचं बाराचं ह्याचं सोळाचं, कुठे जमणार. जुनी सवय म्हणून टेबलाखाली बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो. एका बारात चार मात्रा. बारा चोक अठ्ठेचाळीस. आणि सोळा त्रिक अठ्ठेचाळीस! म्हंजे ब्लूजचं एक आवर्तन म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं. बरं एवढ्यावर थांबत नाही हो. पहिल्या समेला (सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा) बास सा वर. दुसऱ्या समेला, म्हणजे त्यांच्या पाचव्या बारला, बास म वर गेला. तिसऱ्या समेला, नवव्या बारला, प वर. मग उतरून परत सा. प्रत्येक समेला घराचा मजला बदलतोय!! मी शेजारच्या पोराला दंडाला धरून हलवलं तर त्याचं ड्रिंक सांडलं. त्याला म्हणालो अरे सा म प, सा म प, तो म्हणाला सर काय झालं.

काय झालं ते त्याला सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

आता फजिती. शेवटी सगळ्यांनी मिळून तिहाई घ्यायची होती, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा धा समेवर. तबला आणि ड्रम्स एकत्र निघाले, एक-दोन-तीन, आणि ड्रमवाल्याची मोठी झांज पडली ढाण्ण करून, पण समेच्या दोन मात्रा आधी! तबल्याचा धा नंतर सावकाश बरोब्बर समेवर आला. दोघांच्या मधली ती पोकळी, बापरे. ड्रमवाला मोठ्याने हसला, स्वतःच्या छातीवर हात ठेवून "माझं माझं" केलं, लोकांना वाटलं तसंच असतं, टाळ्या पडल्या. पण मला कळलं ना. बिचारा, तिहाई ही काय त्यांच्याकडची गोष्ट नाही, हिशोब चुकणारच. आपला पोरगा मात्र पक्का, ढळला नाही.

तर जाणकारांनो, ह्याला जॅझ म्हणतात का फ्यूजन का अजून काही, आणि पुढे काय ऐकू?

---

पॉपकॉर्न_खारे

जागा राखीव. शुद्धसारंग येईपर्यंत पॉपकॉर्न फोडतो.

---

ब्रशेसवाला

मोडकाभाऊ, काय लिहिलंय, दंडवत. मी ड्रम्स वाजवतो (पोटासाठी लग्नं आणि कॉर्पोरेट, मनासाठी महिन्यातून एखादा जॅझचा गिग). सा म प चं जे तुम्हाला टेबलाखाली सापडलं ते आम्हाला वर्षभर ताल शिकून सापडत नाही कारण आम्ही उलट्या बाजूने येतो, आम्हाला कॉर्ड (एकदम वाजवलेले तीनचार सूर) दिसतात, सम दिसत नाही. ब्लूजचं गाणं असतं ना, त्यात तीन ओळी असतात, पहिली ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसरी उत्तराची. एकेक ओळ चार बारची. म्हणजे एक ओळ तीनतालाचं एक आवर्तन. मुखडा दोनदा घेऊन अंतऱ्याला जाणारा माणूस आणि हा ब्लूजवाला, दोघं एकमेकांना ओळखतील बघा.

दुसरी गंमत, तुम्ही टाळी कुठे देत होतात? आपल्याकडची पब्लिक एक आणि तीनवर देते, जॅझमधे ती दोन आणि चारवर हवी. आपण समेची माणसं, वजन पहिल्या मात्रेवर. ते लोक समेला गृहीत धरून बाजूला टेकतात. परवा एका ठिकाणी अख्खी पब्लिक एक-तीनवर टाळ्या देत होती आणि आमच्या पियानोवाल्याने गुपचूप एका ठिकाणी एक मात्रा जास्तीची घातली, लगेच सगळ्यांच्या टाळ्या आपोआप दोन-चारवर. कोणाला कळलंसुद्धा नाही :)

आणि तो स्विंग म्हणतात तो, झांजेवरचं टिंग, टिंग-ट टिंग, तो अंदाजे दोनास एक असा वाटलेला असतो, म्हणजे मात्रेचे तीन तुकडे आणि मधला खाल्लेला. तबलजी त्यावर तिस्र (तीनाच्या) अंगाची लग्गी लावू शकतो आणि चपखल बसते. सरळ केरवा लावला की मात्र गेलं, मग ते लग्नाच्या वरातीसारखं वाटतं. अर्थात वेग वाढला की स्विंग सरळ होत जातो, हे दोनास एक वगैरे पुस्तकी आहे, खरं ते कानानेच.

---

शुद्धसारंग

आलो. पॉपकॉर्न ठेवा खाली.

मोजणी जमली म्हणजे संगीत जमलं असं नाही. अठ्ठेचाळीसला चोविसाने पण भाग जातो, बाराने पण जातो, मग एकतालात पण ब्लूज बसवा, चौतालात बसवा. राग म्हणजे सूर नव्हेत, सुरांमधली वाट. सॅक्सला बटणं, कीबोर्डला बटणं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) कुठून आणणार? खाली कॉर्ड बदलत राहिली की सा हलतो, आणि सा हलला की रागाचा पाया गेला. तंबोरा का असतो मग? दोन वेगळ्या भाषा येत नसलेली माणसं एकमेकांकडे बघून हसतात त्याला फ्यूजन म्हणतात. हलके घ्या. पण फार हलकं पण नको.

ड्रमवाल्याचं तिहाईत चुकणं हेच माझं म्हणणं सिद्ध करतं.

---

मोडका_डग्गा

शुद्धसारंगजी, तुम्ही म्हणताय त्यात तथ्य आहे, यमनाच्या वेळी मलाही तेच वाटलं, गंधाराखाली कीबोर्डने काहीतरी दाट रंगाचं ओतलं आणि तो गंधार गंधार राहिला नाही. पण ब्लूजमधे सा हलतो हेच तर गाणं आहे ना, तिथे तबल्याने रागाचं नाटक केलंच नाही, तो फक्त समेवर उभा राहून ह्यांना मजले बदलू देत होता.

एकतालाचं घरी करून बघितलं, बारा मात्रांच्या समा चुकीच्या बारवर पडतात हो, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या, आणि मजला बदलतो त्या पाचव्या आणि नवव्याला सम येतच नाही. तीनतालच पाहिजे.

---

गिरगावचे_आजोबा

नमस्कार. एका बोटाने टाइप करतो, वेळ लागतो.

१९७८ साली धोबी तलावाला रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, निरंजन झवेरींनी भरवलेली. मी नुकताच नोकरीला लागलेलो, खिशात पैसे बेताचेच. रंगभवन उघडं, वर आभाळ. सॉनी रॉलिन्स आला होता. माणूस टेनर सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला आणि बराच वेळ एकटाच वाजवत राहिला, तेव्हा मला नाट्यसंगीतातल्या ताना आठवल्या, म्हणजे सूर तसे नव्हेत पण ती आता सोडेन असं वाटत असताना न सोडण्याची खोड तीच. पुढे रंगभवनातले कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमांत अडकून बंद पडले. त्या भिंतीवरून जाताना अजून मान वळते.

जॅझ मुंबईला नवीन असल्यासारखं लिहिता तुम्ही मुलं. ताजमधे १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचा अमेरिकन बँड येऊन वाजवून गेला. १९५८ ला डेव्ह ब्रुबेक, १९६३ ला ड्यूक एलिंग्टन ह्या गावात वाजवून गेलेत. आमचे वडील फोर्टात कारकून, ते सांगत की चर्चगेट स्ट्रीटवरून संध्याकाळी चालत निघालं की एकेका रेस्टॉरंटच्या दारातून वेगळा बँड ऐकू यायचा, दार उघडलं की ट्रंपेट, मिटलं की बंद. आत जायची ऐपत नव्हती. ते म्हणत, अर्धं गाणं गेलॉर्डच्या दारात ऐकायचं, अर्धं पुढच्या दारात. माझ्या मते मुंबईतलं पहिलं फ्यूजन तेच.

शुद्धसारंग, सॅक्सोफोनला बटणं असतात म्हणून मींड नाही हे तुम्ही कद्री गोपालनाथांना ऐकून म्हणा. त्या गृहस्थाने सबंध आयुष्य सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवलं. बोटांनी जमत नाही ते ओठांनी आणि दमाने.

---

शुद्धसारंग

आजोबा, कद्रींपुढे मान खाली. पण ते कर्नाटक संगीत वाजवत होते, ब्लूज नाही. वाद्य परकं असायला माझी हरकत नाहीच, व्हायोलिन आणि पेटी दोन्ही बाहेरूनच आल्या. हरकत दोन घरात एकदम राहण्याला आहे.

---

पोर्वरीचा_पोदेर

दोन घरात एकदम राहणं? अरे बाबा, आम्ही गोंयकार पाचशे वर्षं दुसरं काय करतो :D

आता थोडं लांबेल. मुंबईच्या ह्या सगळ्या बँडांत वाजवणारे कोण होते? बहुतेक आमचे लोक. गावातल्या चर्चच्या शाळेत पोरगं सातआठ वर्षांचं झालं की मेस्त (म्हणजे मास्तर) त्याला सोल्फेज शिकवणार, कागदावरचे सूर वाचायला, चुकला की छडी. ती पोरं मुंबईला आली, धोबी तलावाला आपापल्या गावाच्या कुडात राहिली. कूड म्हणजे गावाची खोली, भाडं नाममात्र, झोपायला चटई आणि ट्रंक ठेवायला जागा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. दिवसा स्टुडिओत सिनेमाचं रेकॉर्डिंग, रात्री हॉटेलात जॅझ, रविवारी चर्चला मास.

आमच्या आल्दोनचा आंतोनियो झेवियर वाझ, जगाला ठाऊक चिक चॉकलेट म्हणून, ट्रंपेट वाजवायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आता हे मराठी लोकांनी लक्षात ठेवावं असं, तो सी. रामचंद्रांचा साहाय्यक होता. म्हणजे पुणतांब्याचा चितळकर आणि आल्दोनचा वाझ. अलबेला मधे त्याचा बँड पडद्यावर पण दिसतो, समोर नाचतोय कोण तर भगवानदादा पालव. गिरणगावातला मराठी माणूस, त्याच्या मागे गोंयकाराचा ट्रंपेट, १९५१ साल. कोणी फ्यूजन म्हटलं नाही, लोक पैसे उधळत होते.

आणि आंथनी गोन्साल्विस, माजोर्ड्याचा, तो खरा माणूस होता, अमर अकबर अँथनी सिनेमातलं गाणं हे त्याच्या नावाचं कारण त्याचा शिष्य प्यारेलाल. त्याने १९५८ ला सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर रचलेल्या चिजा, गायला लताबाई आणि मन्ना डे, सेंट झेवियर्सच्या आवारात. कीबोर्डने गंधाराखाली काय ओतायचं हा मोडकाबाबांचा जो प्रश्न आहे ना, तो ह्या माणसाने कागदावर सोडवायला घेतला होता.

दुलपद दादऱ्यात बसतं हे मात्र मला हल्लीच एका मित्राने दाखवलं. सहाचं सहाला बसणारच. आमच्या घरी मांडो झाला की शेवटाला दुलपद, तेव्हा म्हाताऱ्या आया उठून उभ्या राहतात, गुडघे दुखत असले तरी.

---

चहाटपरी

वाचून भयंकर जावंसं वाटतंय. पण प्रश्न बेसिक आहेत, हसू नका. एकटी मुलगी गेली तर चालतं का? कपडे कसे? काही प्यायलंच पाहिजे का, मी घेत नाही. आणि डोंबिवलीला परत कशी येऊ?

---

ब्रशेसवाला

@चहाटपरी ताई, चालतं, खूप जणी एकट्या येतात, बारजवळचं टेबल नको, स्टेजच्या बाजूचं सांगा. कपडे काहीही, ऑफिसमधून तसेच लोक येतात. पिण्याची सक्ती नाही पण कव्हर चार्ज असतो, तो खाण्यापिण्यातून वळता होतो का हे आधी फोन करून विचारा, नंतर विचारलं की मोडकाभाऊंसारखं होतं. पहिला सेट साधारण नऊला म्हणतात आणि सव्वानऊ साडेनऊला सुरू होतो, दुसरा सेट धरलात तर शेवटची लोकल चुकली समजा. पहिला सेट ऐकून उठा, परळ स्टेशन जवळ पडतं.

अवांतर: ह्या राज्यात दारू प्यायला अजून कागदोपत्री परमिट लागतं, १९४९ चा कायदा. दारूबंदी आली तेव्हा कित्येक बँडांची रोजी गेली म्हणतात. जॅझचं आणि बारच्या गल्ल्याचं नातं तेव्हापासूनचं आहे, म्हणून आमचे पैसे पण गल्ल्यावर ठरतात, रागावर नाही.

---

जर्सीकर

शुद्धसारंग ह्यांच्या "सा हलतो" वर. साठच्या आसपास जॅझवाल्यांनाही त्याच गोष्टीचा कंटाळा आला होता. कॉर्ड इतक्या पटापट बदलायच्या की सोलो म्हणजे अडथळ्यांची शर्यत. मग १९५९ ला माइल्स डेव्हिसने कॉर्ड कमी केल्या आणि एकाच स्वरमालेवर बराच वेळ राहायला सुरुवात केली. त्याच बँडमधला जॉन कोल्ट्रेन आणखी पुढे गेला, रविशंकरांचं ऐकायला लागला, मुलाचं नावच रवी ठेवलं. नोव्हेंबर १९६१ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमधे त्याने इंडिया नावाची चीज वाजवली, त्यात दोन दोन बास वाजतायत, तंबोऱ्यासारखा तळ धरून. म्हणजे तुमचा न हलणारा सा ते स्वतःहून शोधत आले होते.

त्या व्हॅनगार्डला मी अमेरिकेत आल्यापासून सातआठ वेळा गेलोय. १९३५ चा क्लब, जिना उतरून तळघर, त्रिकोणी खोली, सव्वाशेच्या आसपास माणसं, गुडघ्याला गुडघा. बोलायचं नाही. खरंच नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकोला हळूच "हा ड्रमर मस्तय" म्हणालो तर पलीकडच्या आजीने असं बघितलं की मला शाळेतल्या बाई आठवल्या. आपल्याकडे क्लबमधे बासचा सोलो सुरू झाला की लोक समजतात ब्रेक आहे, ऑर्डर द्यायला लागतात.

मोडकाभाऊ पुढे काय ऐकू म्हणालात, शक्ती नावाचा बँड ऐका. १९७५ चं लाइव्ह रेकॉर्डिंग आहे, एका कॉलेजात झालेलं. जॉन मॅक्लॉफ्लिनच्या गिटारवर पडद्यांमधली लाकडी पट्टी खोलगट कोरलेली होती, तार आत दाबून मींड घ्यायला, आणि सतारीच्या तरफेसारख्या वेगळ्या तारा आडव्या लावलेल्या. बटणं आहेत म्हणून रडत बसला नाही, लाकूड कोरलं. झाकीरभाईंबद्दल आता काय लिहू. २०२३ ला शक्तीच्या पन्नाशीच्या दौऱ्यात इकडे ऐकलं, पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमी, आणि त्याच डिसेंबरात गेले. तबला ऐकताना अजून मधेच थांबवावं लागतं.

---

मोडका_डग्गा

कॉलेजच्या होस्टेलात एकाकडे त्याची कॅसेट होती, मी "इंग्रजी आहे" म्हणून लावू दिली नव्हती. आता बोला.

---

शुद्धसारंग

शक्ती मी ऐकलंय आणि आवडतं. पण नीट बघा, तिथे ड्रम्स नाहीत, कीबोर्ड नाही, कॉर्डचा चिखल नाही. म्हणून ते जमलं. माझा मुद्दा तसाच. आणि तिहाईचं उत्तर कुणी दिलं नाही.

---

ब्रशेसवाला

देतो. मला पण ती दोन मात्रांची पोकळी सकाळपासून चावतेय. मोडकाभाऊ, तुकडा किती मात्रांचा होता आठवतंय?

---

मोडका_डग्गा

पाच. "तिट कत गदि गन धा" असं काहीतरी, पाचव्यावर धा. समेपासूनच उचलला.

---

ब्रशेसवाला

मग मांडून बघा. दमदार घेतली, म्हणजे मधे एकेक मात्रा थांबून, तर पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा, समेला उचलली की शेवटचा धा पुढच्या समेवर. बरोबर. बेदम घेतली, न थांबता, तर पाच त्रिक पंधरा, समेला उचललीत तर धा पंधराव्या मात्रेवर, दोन मात्रा आधी. तुमची झांज तिथेच पडली. म्हणजे ड्रमवाल्याला हिशोब येत नव्हता असं नाही, तो पूर्ण तिहाई व्यवस्थित वाजवत होता, फक्त बेदम. दोघांचं ठरलंच वेगळं होतं, नाहीतर एकाने उचल चुकवली. बेदम समेवर आणायची तर ती तिसऱ्या मात्रेपासून उचलावी लागते.

कोणी चुकवली ते सांगत नाही, पण माझा एक संशय आहे.

---

गिरगावचे_आजोबा

मलाही तोच आहे.

---

पॉपकॉर्न_खारे

तिसरी पिशवी फोडली.

---

मोडका_डग्गा

मंडळी, अपडेट. आज रविवार, त्या पोराचा नंबर मिळवला आणि फोन केला. आधी तुझा तबला फार छान वाजला वगैरे झालं. मग हळूच विचारलं, ती तिहाई काय झाली रे. तो एकदम गप्प. मग म्हणाला काका, तुम्हाला कळलं?

तर झालं असं. रिहर्सलला ठरलेलं बेदम, तिसऱ्या मात्रेपासून. समेच्या जरा आधी त्याच्या जवळच्याच एका टेबलावर वेटरने कार्डाचं मशीन आणलं आणि ते पीप पीप करायला लागलं, ह्याचं लक्ष उडालं आणि ह्याने समेपासूनच उचलली. ड्रमवाल्याने बघितलं की हा निघाला, तर एकट्याला सोडायचं नाही म्हणून तोही लगेच त्याच्याबरोबर निघाला, ठरलेली बेदमच वाजवत. पहिला धा पडल्यावर ह्याच्या लक्षात आलं की आपण दोन मात्रा लवकर आलोय, तर ह्याने तिथल्या तिथे मधे दम घालून दमदार केली आणि समेला सुखरूप पोचला. ड्रमवाला बिचारा ठरलेलं वाजवून पंधराव्यावर एकटाच उघडा पडला. आणि वर त्यानेच छातीवर हात ठेवून माझं माझं केलं.

मी म्हटलं मग तू त्याला सांगितलंस का. तर म्हणाला नंतर मागे गेल्यावर पाया पडायला लागलो तर त्याने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला पुढच्या वेळी दोघं मिळून पंधराव्यावर पडू, तेच छान वाटतं.

कार्डाचं मशीन आमच्याच टेबलावर आलं होतं, हे मी त्याला सांगितलेलं नाही. बिलावरून वाद घालत होतो ना मी.

---

शुद्धसारंग

कुठला वार म्हणालात? गुरुवार का दर गुरुवारी असतं?

---

चहाटपरी

शुद्धसारंग काका, जाणार असाल तर सांगा, डोंबिवलीपर्यंत सोबत होईल :)